बांधावर टेकलेला बांध

वेल्ह्याकडच्या एखाद्या भातखाचराला कोपरे किती, असं मालकाला विचारलं तर तो चार बोटं दाखवतो. मोजणीला आलेला भूकरमापक बांधावरून फिरतो आणि त्याच्या कागदावर मात्र पाच बिंदू उमटतात, कधी सहा. मालक लगेच सावध होतो. जमीन वाढली, की कुणी खाल्ली? दोन्ही नाही. पूर्वेच्या बांधाला पलीकडून आणखी एक बांध येऊन टेकलाय, एवढंच. पलीकडे पूर्वी एकाच माणसाचं शेत होतं. भावाभावांत वाटणी झाली, मध्ये बांध पडला आणि त्या बांधाचं टोक या मालकाच्या सरळ चाललेल्या बांधावर येऊन थांबलं. मालकाचा बांध तिथे वळत नाही. त्याच्या लेखी तिथे काही घडलेलंच नाही. पलीकडच्या दोघा भावांची शेतं मात्र नेमकी त्याच जागी संपतात.

म्हणजे एका जागी तीन शेतं भेटतात. त्यातल्या दोघांचा तो कोपरा, तिसऱ्याचा नाही.

हे लिहिणाऱ्याचा धंदा असले कागद संगणकावर चढवण्याचा. भोर आणि वेल्हे हे त्याचे रोजचे तालुके. (वेल्ह्याला राजगड तालुका म्हणायचं ठरलंय, आणि त्यात नवं काही नाही. भोर संस्थानाचे पाच तालुके होते, त्यात विचित्रगड आणि प्रचंडगडाबरोबर राजगडही होता. संस्थान ८ मार्च १९४८ला विलीन झालं आणि ती नावं कागदातून मागे पडली.) या कामात नवखा माणूस दिसेल तिथे बिंदू टाकत सुटतो. जुना माणूस हात आखडता घेतो. प्रत्येक बिंदूपाशी तो थांबतो आणि विचारतो, हा कोपरा आहे का, असला तर कुणाचा, आणि नसला तरी ठेवायचा का?

शाळेतल्या भूमितीत हा घोळ नाही. बहुभुजाकृतीच्या दोन बाजू मिळतात आणि दिशा बदलते, तो शिरोबिंदू. बाजूवर मधेच टिंब काढलं तर तिथला कोन १८० अंशांचा, म्हणजे सरळच. चौकोनाच्या बाजूंवर शंभर टिंबं काढली तरी चौकोन चौकोनच राहतो. अडचण सुरू होते ती आकृतीला शेजार मिळाल्यावर. विटांची साधी भिंत पाहावी. दर्शनी बाजूने वीट आयताकृती, तिला कोपरे चार. पण वरच्या थरातल्या दोन विटांचा सांधा तिच्या माथ्याच्या मध्यावर येतो, खालच्या थरातला सांधा तळाच्या मध्यावर. म्हणजे तिच्या कडेवर सांधे सहा आणि त्यातले कोपरे फक्त चार. ब्रांको ग्र्यूनबाउम आणि जेफ्री शेफर्ड यांनी १९८७ साली फरसबंदीच्या गणितावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात सुरुवातीलाच हा भेद करून टाकला आहे: एकट्या फरशीचे कोपरे आणि बाजू वेगळ्या, संपूर्ण फरसबंदीचे शिरोबिंदू आणि कडा वेगळ्या. दोन्ही नेहमी जुळतीलच असं नाही. गावचा नकाशा ही अशीच फरसबंदी, फक्त एक फरशी दुसरीसारखी नाही.

गंमत अशी, की दस्त लिहिणाऱ्यांना हे सगळं फार आधीपासून ठाऊक आहे. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. मालकाच्या सरळ बांधाला पलीकडून दुसरा बांध टेकला असेल, तर त्या एका दिशेला दोन गट नंबर येतात, मध्ये ‘व’ घालून. ‘पूर्वेस गट नंबर अमुक व तमुक’. तो बिंदू नकाशात असो नसो, दस्तात त्या ‘व’मध्ये बसलेला असतो. चतुःसीमा नीट वाचणारा माणूस जागेवर न जाता सांगू शकतो की या बाजूला किती बांध येऊन टेकले असतील. अर्थात दस्त नीट लिहिलेला असेल तर. बऱ्याच दस्तांत जुन्याच चतुःसीमा उतरवून काढलेल्या असतात आणि पलीकडची वाटणी होऊन दोन पिढ्या झाल्या तरी ‘पूर्वेस’ एकच नाव नांदत असतं.

कोपरा नसलेल्या बिंदूंची दुसरी जात जुन्या टिपणांत सापडते. मुंबई इलाख्याची जमीनमोजणी आणि आकारणी जिथे मार्गी लागली ती जागा पुणे जिल्ह्यातलीच. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांची आधीची व्यवस्था फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ साली इंदापुरात नव्याने घडी बसवली, आणि पुढे इलाखाभर तीच पद्धत चालली. मोजणीची हत्यारं दोन, काटकोन पाहायचा शंकू आणि अंतर मोजायची साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, त्यांना म्हणायचं आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. मोजणाऱ्याने साखळ्यांचा हिशेब केला की गुंठ्यांचा हिशेब आपोआप होतो. हत्याराचं माप आणि जमिनीचं माप असं एकमेकांत बसवणाऱ्याला दाद द्यावी लागते.

टिपण म्हणजे त्या मोजणीचा हाताने काढलेला कच्चा आराखडा. एक उदाहरण घेऊ. खाचराच्या दक्षिण कोपऱ्यातून उत्तर कोपऱ्यापर्यंत साखळी ओढली, अंतर भरलं सहा साखळ्या. ही आधाररेषा. तिच्यावर दोन साखळ्या चालून शंकूच्या फटीतून पाहिलं तर पश्चिमेचा कोपरा काटकोनात दिसला. तिथवर लंब मोजला, दोन साखळ्या. मग चार साखळ्यांवर उभं राहिल्यावर पूर्वेचा कोपरा काटकोनात आला, लंब तीन साखळ्या. झालं टिपण. क्षेत्र काढायचं तर सहाच्या निम्मे तीन, त्याला दोन अधिक तीन म्हणजे पाचाने गुणायचं: पंधरा गुंठे.

आता या टिपणात बिंदू सहा आहेत आणि खाचराचे कोपरे चार. उरलेले दोन म्हणजे लंबांचे पाय, आधाररेषेवरचे. ते बांधावर नाहीत, पिकाच्या मधोमध चिखलात आहेत. तिथे दगड रोवलेला नसतो, कधी रोवायचाही नसतो. मोजणीदार एकदा तिथे उभा राहिला, एवढाच त्या बिंदूंचा जमिनीशी संबंध. शिवाय क्षेत्राच्या हिशेबात त्यांच्या जागेला किंमत शून्य. पश्चिमेच्या लंबाचा पाय दोनऐवजी तीन साखळ्यांवर लिहिला तरी उत्तर येतं पंधरा गुंठेच. फक्त तो कोपरा जमिनीवर ३३ फूट सरकलेला असतो. क्षेत्र जुळलं की टिपण बरोबर, असं मानणारे नवखे इथेच फसतात. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि टिपणातलं क्षेत्र आणेवारीसकट जुळतं, आणि हद्द कायम करायला जागेवर गेलं की कोपरा शेजाऱ्याच्या खाचरात निघतो. तिथून पुढची भाषा नोंदवायची गरज नाही.

भाताच्या मुलखात आणखी एक पेच आहे. खाचरं डोंगराच्या अंगाने उतरतात, त्यांचे बांध उताराबरोबर पोट काढत जातात. पानशेतकडे जा, गुंजवणीच्या खोऱ्यात जा, की भोरला हिरडोशीच्या अंगाला. सरळ बांध शोधावा लागतो. असा बांध टिपणात उतरवायचा म्हणजे त्याच्या पोटावर दोन-चार ठिकाणी लंब घ्यायचे आणि ती टोकं सरळ रेषांनी जोडायची. कुठे लंब घ्यायचा हे मोजणाऱ्याचं मन ठरवतं. मालकाने बांध घालताना तिथे कोपरा केलेला नसतो, पाणी अडवायला माती जशी बसली तसा बांध वळला. कागदावर मात्र त्या वळणाचे तीन कोपरे झालेले असतात, आणि शंभर वर्षांनी एखादा वकील त्यातल्या मधल्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारतो, इथला दगड कुठे गेला?

हे सगळं संगणकावर येतं तेव्हा दुखणी बदलतात. महाराष्ट्रात गावनकाशे आता महाभूनकाशावर पाहता येतात. गट नंबर टाकला की शेताची आकृती समोर येते. पाहणाऱ्याला ती रेघांची आकृती वाटते. आत ती बिंदूंची यादी असते. आणि तिथे बांधावर टेकलेल्या बांधाचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

मालकाची पूर्वेची बाजू समजा ६० मीटर लांब, दोन टोकांना दोन कोपरे, मध्ये काही नाही. पलीकडच्या भावांच्या शेतांत मात्र मधला बिंदू आहे, कारण तो त्यांचा कोपरा. कागदावरून उचलताना तो बिंदू रेषेपासून ३० सेंटिमीटर सरकला. जुना कागद आक्रसलेला असतो, पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, त्यामुळे एवढं सरकणं काहीच नाही. मालकाची बाजू सरळ, शेजाऱ्यांची बाजू मध्ये किंचित मोडलेली. दोघांमध्ये एक लांब, अरुंद त्रिकोण तयार झाला. पाया ६० मीटर, उंची ३० सेंटिमीटर, क्षेत्र नऊ चौरस मीटर, म्हणजे सत्त्याण्णव चौरस फुटांच्या आसपास. ही जमीन एक तर दोघांच्या नावावर पडते किंवा कुणाच्याच नाही. धंद्यात याला स्लिव्हर म्हणतात. नसरापूर, कापूरहोळच्या बाजूला जमिनीचा भाव चौरस फुटावर बोलतात, तिथे या स्लिव्हरला ग्राहकसुद्धा मिळेल.

बिंदू रेषेवर अगदी नेमका टाकला तरी सुटका नसते. संगणक दशांश कुठेतरी तोडतो आणि बिंदू केसभर बाजूला पडतो. नकाशा एका मापनपद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेला तर सरळ बाजूचे फक्त दोन टोकांचे बिंदू हलतात, मधला आपल्या वेगळ्या हिशेबाने हलतो. इलाज एकच, मालकाच्या बाजूवरही तो बिंदू टाकायचा. त्याच्या शेताला कोपरा नसलेला एक शिरोबिंदू द्यायचा. भूमितीच्या मास्तरांना हे रुचणार नाही, पण नकाशातली फट त्यानेच बंद होते.

आणि तो टाकल्यावर त्याला राखावा लागतो. नकाशा हलका करण्यासाठी अनावश्यक बिंदू गाळणाऱ्या प्रोग्रॅमांत डग्लस आणि प्यूकर यांची १९७३ची रीत सर्वात गाजलेली. उर्स रेमर यांनी ती आदल्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडली होती. रीत साधी आहे. रेघेची दोन टोकं सरळ जोडा, मधल्या बिंदूंपैकी या जोडरेषेपासून सर्वात लांबचा कोणता ते पाहा. तो ठरावीक अंतरापेक्षा लांब असेल तर ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हेच पुन्हा करा. नसेल तर मधले सगळे गाळा. वाकड्यातिकड्या नदीला ही रीत फार शोभते. पण बांधावर टेकलेल्या बांधाचा बिंदू जोडरेषेवरच असतो, अंतर शून्य. त्यामुळे प्रोग्रॅम पहिला बळी त्याचाच घेतो. एकेक शेत सुटं सुटं हलकं करत गेलं की दुपारपर्यंत मेहनतीने बुजवलेले सगळे स्लिव्हर संध्याकाळी परत हजर. शेतं हलकी करायची नाहीत, त्यांच्यामधल्या कडा करायच्या. आणि जिथे तीन कडा भेटतात तो बिंदू हातचा सोडायचा नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९९०च्या जनगणनेसाठी टायगर नावाचा देशभराचा नकाशा केला, त्यात हा भेद आकड्यांतच नोंदवला आहे: रस्ते-हद्दी मिळतात ते सांध्याचे बिंदू निराळे आणि रेघेला फक्त आकार देणारे बिंदू निराळे.

तिसरी जात कुणी मोजलेलीच नसते. चौरस शेताचे चार कोपरे घेतले, बाजू ३० मीटर. यादी करताना तिसरा आणि चौथा कोपरा उलटसुलट लागला. आता रेघ पहिल्यावरून दुसऱ्यावर जाते, तिथून तिरकी समोरच्या कोपऱ्यावर, मग सरळ, मग पुन्हा तिरकी घरी. दोन तिरक्या रेघा शेताच्या मध्यावर एकमेकींना छेदतात. क्षेत्राच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले तर उत्तर शून्य. सूत्र चुकत नाही. एक त्रिकोण ते डावीकडून फेरी मारून मोजतं, दुसरा उजवीकडून, आणि अधिक-उणे होऊन नऊशे चौरस मीटर जमीन, म्हणजे जवळपास नऊ गुंठे, हवेत जाते. मधल्या छेदबिंदूवर कुणी उभं राहिलं नव्हतं, तो यादीत नाही, पण सगळा घोटाळा तिथेच. हात न उचलता काढलेल्या पाच टोकांच्या चांदणीत असे पाच छेदबिंदू असतात. चांदणीला शिरोबिंदू पाच, टोकांचे. आतले पाच तिच्या मालकीचे नाहीत. मात्र चांदणीची फक्त बाहेरची कड गिरवली तर तेच पाच बिंदू खरेखुरे कोपरे होतात आणि आकृती दशकोन. तीच रेघ, तीच जागा. गिरवायला कुठून सुरुवात केली आणि कुठे वळलो यावर कोपऱ्यांची संख्या ठरते.

गडांवर तर कोपराच टाळलेला असतो. राजगडच्या संजीवनी माचीचे चिलखती बुरूज, दुहेरी तटाचे, डोंगराच्या धारेबरोबर गोलावत गेलेले. गोल बुरुजाला कोपरा नाही, म्हणून माऱ्यातून निसटणारा आडोसाही कमी. पण नकाशात गोल भिंत घालायची तर सरळ तुकडेच घालावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एक बिंदू जन्माला येतो. किती घालायचे? आठ घातले तर बुरूज अष्टकोनी वाटतो, ऐंशी घातले तर फाईल फुगते. गडाच्या बाबतीत हा चवीचा प्रश्न आहे. सह्याद्रीच्या धारेवरून जाणाऱ्या पुणे–रायगड हद्दीच्या बाबतीत तो लांबीचा प्रश्न होतो: जितके बिंदू जास्त, तितकी हद्द लांब. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी देशांच्या सीमांबद्दल हेच दाखवलं होतं आणि मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावरून ते जगापुढे मांडलं. जिल्ह्याची हद्द किती किलोमीटर, या प्रश्नाला म्हणूनच ‘किती बिंदूंची’ असा प्रतिप्रश्न रास्त असतो. सरकारी पत्राच्या उत्तरात तो घालता येत नाही, ही वेगळी गोष्ट.

शेतांवरून रस्त्यांवर आलं की मामला उलटा होतो. इथे आकाराला किंमत नाही, जोडणीला आहे. चेलाडी फाट्यावर पुणे–सातारा महामार्ग सोडून गाडी नसरापूरकडे वळते, पुढे मार्गासनी, विंझर, वेल्हे. मार्गासनीला साखर-गुंजवण्याकडे रस्ता फुटतो. वाट शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी चेलाडी फाटा हा शिरोबिंदू, मार्गासनी हा शिरोबिंदू. मधली वळणं, चढ, मोऱ्या, रस्त्यालगतच्या वाड्या यांना तो ओळखत नाही. त्याच्यासाठी मधलं सगळं म्हणजे एक कड आणि तिच्यावर लिहिलेली एक लांबी. आलेखशास्त्रात ज्या बिंदूला फक्त दोनच कडा लागलेल्या असतात तो काढून टाकला आणि दोन कडांची एक केली तर जोडणीत काडीचा फरक पडत नाही. ऑयलरच्या सूत्रात शिरोबिंदू वजा कडा अधिक भाग बरोबर दोन. एक बिंदू गेला आणि त्याबरोबर एक कडही गेली, हिशेब तसाच. एसटीचा नकाशा काढा आणि याच बिंदूंना लगेच मान मिळतो. जिथे रस्ता फुटत नाही तिथेही बस थांबते, तिकिटाचा टप्पा बदलतो. वाडीतल्या म्हातारीसाठी तो थांबा हाच नकाशाचा मध्य असतो.

खरी फसगत छेदांची. पुण्याहून कात्रजच्या नव्या बोगद्यातून गाडी भोर तालुक्यातल्या शिंदेवाडीला निघते. बोगद्यावरून डोंगराची धार जाते आणि धारेवरून कात्रज ते सिंहगड पायवाट. कागदावर महामार्ग आणि पायवाट एकमेकांना ठळक छेदतात. तिथे शिरोबिंदू नाही. एखाद्या उत्साही स्वयंसेवकाने नकाशात तो टाकला, की फोन भटक्याला सांगणार, इथून डावीकडे महामार्गावर वळा. डावीकडे वळायला खाली डोंगर पोखरावा लागेल. अशी चूक पकडणं हे सोपं काम नाही, कारण नकाशा पाहताना डोळ्याला काहीच खटकत नाही. दोन्ही रेघा बरोबर जागी असतात.

छेदबिंदूंचं गणित स्वतंत्र आहे आणि त्याचा उगम फार वाईट दिवसांतला. हंगेरीचे गणिती पाल तुरान १९४४ साली सक्तमजुरीच्या छावणीत वीटभट्टीवर राबत होते. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक कोठारापर्यंत रूळ टाकलेले, विटांच्या ढकलगाड्या त्यावरून न्यायच्या. गाडी सरळ रुळावर पळायची. दोन रूळ एकमेकांना छेदत तिथे घसरायची, विटा सांडायच्या. तुरान यांच्या मनात आलं, कमीत कमी किती छेदांत ही मांडणी बसेल? प्रश्न दिसायला साधा. पुढे झारानकिएविच यांनी एक सूत्र दिलं, त्याच्या सिद्धतेत भोक निघालं, आणि सर्वसाधारण उत्तर आजही सिद्ध झालेलं नाही.

याच्या शेजारी आपल्या माणसाचं एक चित्र ठेवावंसं वाटतं. शरदचंद्र शंकर श्रीखंडे, जन्म १९१७, सागरचा. शिक्षण नागपुरात, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. १०२ वर्षं जगले. राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्याबरोबर त्यांनी १९५९ साली ऑयलरचा लॅटिन चौरसांविषयीचा १७८२चा अंदाज खोटा पाडला, ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षीचा त्यांच्या नावाचा आलेख मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. शिरोबिंदू सोळा, प्रत्येकाला सहा कडा, एकूण कडा अठ्ठेचाळीस. सपाट कागदावर सोळा बिंदूंना छेद न होता जास्तीत जास्त बेचाळीस कडा पुरतात. म्हणजे हा आलेख कागदावर कसाही काढा, निदान सहा ठिकाणी रेघा एकमेकींवरून जाणारच, आणि पाहणाऱ्याला तिथे नसलेले बिंदू दिसणारच. आता तोच आलेख मेदूवड्याच्या पृष्ठभागावर काढा. बत्तीस त्रिकोणांत तो नीट बसतो, छेद एकही नाही. म्हणजे कागदावरचे छेद श्रीखंड्यांच्या आलेखात कधी नव्हतेच. ते आले कागदाच्या सपाटपणातून.

बोगदा आणि पायवाटेचंही तेच आहे. डोंगराला उंची आहे, कागदाला नाही.

पण भोर-वेल्ह्यात एक गोष्ट अशी आहे जी गणितवाल्यांनी लक्षात घेतलेली दिसत नाही: पावसाळा. ओढ्यावर फरशी पूल असतो. आठ महिने रस्ता वरून, पाणी खालच्या नळ्यांतून. दोन रेघांचा छेद, शिरोबिंदू नाही. जुलैत फरशीवरून पाणी गेलं की रस्ता आणि ओढा खरोखर एकमेकांना भेटतात आणि रस्त्याची कड तिथे तुटते. पलीकडच्या वाडीचा दूधवाला अलीकडे किटली घेऊन थांबतो. आधी कुणी न मोजलेली ती जागा आता रस्त्याचं टोक असते. पाणी ओसरलं की टोक नाहीसं. वर्षातून काही दिवसच शिरोबिंदू असणारा बिंदू नकाशात कसा दाखवायचा, याची सोय बऱ्याच प्रोग्रॅमांत नाही. रस्ता एक तर आहे नाही तर नाही.

वरंध घाटात हाच प्रकार मोठ्या मापाने होतो. भोरहून नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता घाटमाथ्याला जातो आणि पलीकडे महाडच्या बाजूला उतरतो. वळणं मोजत बसू नये. जोडणीच्या नकाशात भोर ते महाड ही एक लांब कड, मध्ये फुटणारे रस्ते फार थोडे. पावसाळ्यात दरड येते ती या कडेच्या पोटात कुठेतरी, ज्याला नाव नाही, फाटा नाही, थांबा नाही अशा वळणावर. एका रात्रीत एका कडेच्या दोन होतात, दोन्ही बंद टोकाच्या. घाट अवजड गाड्यांना बंद, असा आदेश निघतो तो पावसाळ्यातला नेमाचा झालाय. जेसीबी पाठवायचा तर कुठे पाठवायचा हे सांगावं लागतं, आणि शिरोबिंदूंची यादी घेऊन बसलेल्याला ते सांगता येत नाही.

बांधकाम खात्याला येतं. त्यांच्या कागदात रस्त्यावरची प्रत्येक जागा सुरुवातीपासूनच्या अंतराने ओळखली जाते, किलोमीटर अमुक, पुढे मीटर तमुक, आणि त्या आकड्याला आजही साखळी क्रमांक म्हणतात. ३३ फुटी साखळी कधीच मोडीत निघाली, नाव रस्त्यावर राहिलं. दरड हटवून घाट सुरू झाला की संगणकावरच्या दोन कडा पुन्हा एक करायच्या आणि मधला बिंदू पुसायचा. साखळी क्रमांक फाईलीत तसाच राहतो, कारण माती काढल्याचं बिल त्याच आकड्यावर निघायचं असतं.